वरचे कुलूप

१

जुनिपर रस्त्यावरच्या रिकाम्या घरातून निधी समितीची फाईल नाहीशी झाली, ही बातमी मिनाबाई हूकस्ट्रांना गुरुवारी सकाळी नऊ वाजता कळली. आणि ती ऐकताच त्यांच्या मनात जे पहिल्यांदा उमटले, त्याला दुःख म्हणता आले नसते.

मिनाबाई सत्याहत्तर वर्षांच्या होत्या. नॉर्डविक गावातली निम्मी घरे त्यांनी एकदा तरी विकली होती, काही दोनदा, आणि लिंडन चौकातले एक हट्टी घर तर पाच वेळा. फोनवर अ‍ॅबट लॅनिंग होता, गावच्या घरविक्री एजंटांच्या संघटनेचा अध्यक्ष.

"मिसेस हूकस्ट्रा, फाईल गेली. डिशवॉशरमधून."

"कुठून?"

"डिशवॉशरमधून. काल रोझालिंडनं तिथे ठेवली होती."

मिनाबाईंनी कॉफीचा पेला हलकेच खाली ठेवला. मिशिगनच्या त्या कोपऱ्यातले एजंट दरवर्षी आपल्या खिशातून या राजकीय निधीला वर्गणी देत, आणि घरमालकांचे गाऱ्हाणे ऐकून घेईल अशा उमेदवाराच्या पाठीशी तो निधी उभा राही. बावीस वर्षे त्या समितीचे अध्यक्षपद मिनाबाईंकडे होते. गेल्या वर्षी रोझालिंड टीरिंकने ते तीन मतांनी घेतले. तेव्हापासून रोझालिंडचे काहीच त्यांना सुखाने पाहवत नव्हते. बसथांब्याच्या बाकावर जाहिरातीसाठी तिचा हसरा चेहरा रंगवलेला होता, म्हणून मिनाबाई चर्चला जाताना वाट वाकडी करून जात. तर त्या वाटेवरही एक बाक होता.

"बारा वाजता संचालकांची बैठक आहे," अ‍ॅबट सांगत होता. "तोवर उलगडा झाला नाही तर रोझालिंडला अध्यक्षपद सोडावं लागेल. दारावरच्या ज्या कुलूपपेटीत किल्ली असते, ती कुणी उघडली याची नोंद आपोआप होते; तीत तिच्याशिवाय कुणाचं नावच नाही. मग काय, तुम्हीच परत याल. दुसरं आहे कोण?"

"आणि शोध घ्यायलाही मीच? मांजरालाच दुधाची राखण सांगतोस, अ‍ॅबट?"

"तुम्ही जे म्हणाल ते गाव मानतं. शिवाय तुमचं नाव मी नाही सुचवलं."

"मग कुणी?"

"रोझालिंडनं," अ‍ॅबट म्हणाला.

२

रोझालिंड त्या रिकाम्या घराच्या दारातच उभी होती. तिने लाल लोकरी कोट घातला होता. असा लाल रंग अंगावर मिरवायला जे धारिष्ट्य लागते ते मिनाबाईंना तिशीतही झाले नव्हते. दोघींनी एजंटांच्या शिरस्त्याप्रमाणे उंबऱ्याशी जोडे काढून वर्तमानपत्रावर ठेवले आणि मोज्यांनिशी आत गेल्या. घर भकास रिकामे होते. स्वयंपाकघरात चार घडीच्या खुर्च्या तेवढ्या मांडलेल्या होत्या.

"पहिल्यापासून सांग," मिनाबाई म्हणाल्या.

"काल तीन वाजता नगरपरिषदेच्या पोटनिवडणुकीचे दोन उमेदवार इथे आले. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून मुलाखती या रिकाम्या घरात ठेवल्या होत्या. तिसरा आज नऊला येणार होता, त्याला मी ऑफिसात बसवून ठेवलंय. समितीची आम्ही तिघंच होतो. मी, कॉर्विन बूर्स्मा आणि सचिव म्हणून ट्रूडी. पाचला आवरलं. फाईल मी त्या दोघांच्या देखतच डिशवॉशरमध्ये ठेवली."

"डिशवॉशरच का?"

"ओव्हनमध्ये ठेवणार होते. पण घर बघायला आलेलं माणूस आधी ओव्हन उघडतं. मालकांनी खरकटी भांडी तिथेच दडवलेली असतात ना!" रोझालिंड हसू पाहत होती. "घरी नेली असती तर हे झालंच नसतं. पण समितीचे कागद कुणाच्याही घरी जाणार नाहीत, हा नियम तुमचा."

"माझाच आहे. मला त्याची आठवण करून द्यायला नको."

"टोमणा नव्हता तो, मिसेस हूकस्ट्रा. नियम चांगला आहे. त्या फाईलमध्ये दोघांची सहीनिशी उत्तरं आहेत आणि आम्ही दिलेले गुण आहेत. बाहेर फुटणार नाही असा शब्द दिला, तेव्हा ते मोकळेपणानं बोलले. आता ते कागद भलत्याच्या हाती पडले, तर उद्या कुठला उमेदवार आपल्यापुढे तोंड उघडेल?"

मिनाबाई ओट्यापाशी गेल्या. सिंकच्या नळातून दोऱ्याएवढी बारीक धार लागली होती आणि खालच्या कपाटाची दोन्ही दारे सताड उघडी होती.

"हा नळ?"

"सकाळी आले तेव्हा असाच होता. काल मीच सोडला असेन, नाहीतर कॉर्विननं. डोकं ठिकाणावर कुठे आहे माझं!"

"काल कप कुणी विसळले?"

"मी. नंतर ट्रूडीनं ओटा पुसला." ती थबकली. "तेव्हा बंद होता. अगदी नक्की. ओटा कोरडा करून निघालो आम्ही."

मिनाबाईंनी कपाटात वाकून पाहिले आणि सावकाश पाठ सरळ केली. मग त्यांनी एकदम वेगळेच विचारले, "तू या निधीला का देतेस, रोझालिंड?"

"हे आत्ता?"

"मी विचारतेय तेव्हाच."

रोझालिंड घडीच्या खुर्चीवर बसली. "आईसाठी. बाबा गेल्यावर घर विकून ती माझ्याकडे यायची होती. तिच्या गावात नियम होता, नगरपालिकेच्या तपासनिसानं होकार दिल्याशिवाय घर विकायचं नाही. त्यानं चौदा दोष काढले. तेरा आम्ही दुरुस्त केले. चौदावा, गॅरेजची पायरी दोन इंच जास्त उंच. ती पायरी पाडून परत बांधेपर्यंत हिवाळा सरला आणि आई त्याच घरात, एकटी गेली. त्या गावात आमचं ऐकून घेणारा एकही नगरसेवक नव्हता. आता तोच नियम इथे येऊ घातलाय. अडवायला परिषदेत एक माणूस कमी पडतोय, फक्त एक."

मिनाबाईंना तिच्या या दुःखाचाही हेवा वाटला. त्यांचे स्वतःचे कारण इतके उजळ नव्हते. तरुणपणी एका विधवेच्या घराचे काम घेऊन त्या नगरपालिकेत गेल्या होत्या आणि तीन तास बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या होत्या. कुणी आत बोलावले नव्हते. निधी उभा राहिल्यावर त्याच दालनात त्या शिरल्या की माणसे उठून उभी राहत. ते उठून उभे राहणे त्यांना फार आवडले होते. गेले वर्षभर माणसे रोझालिंडसाठी उठत होती.

"पेटीची नोंद काय सांगते?"

"काल दुपारी दोन चाळीसला मी उघडली आणि आज सकाळी आठ पस्तीसला मीच. मध्ये कुणी नाही. निघताना दाराची दोन्ही कुलपं मी लावली, किल्ली सगळ्यांसमोर पेटीत टाकली. रात्रभर बर्फ पडला, अंगणात पावलांचा ठसा नाही. मागच्या दाराला आतून कडी होती. पण..." ती खाली बघू लागली. "एक गोष्ट मी अ‍ॅबटला सांगितली नाही. ती माझ्याच अंगावर येईल."

"बोल."

"सकाळी किल्ली फिरवली तेव्हा खालचं कुलूप लागलेलं होतं. वरचं उघडं होतं."

३

ट्रूडी व्हेल्डकॅम्प संघटनेच्या कार्यालयात छपाईयंत्राजवळ बसून पेन्सिलींना टोके काढत होती. ती अडुसष्ट वर्षांची, चणीने लहान, आणि बोलण्याआधी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून घेणारी बाई होती. १९९८ साली मिनाबाईंनीच तिला या धंद्यात आणले होते. दोघीही विधवा. दर बुधवारी साडेसहाला ट्रूडी मिनाबाईंकडे वाटाण्याचे सूप प्यायला येई.

"आलीस, मिना? मला वाटलंच तुला बोलावतील. दुसरं कुणाला बोलावणार?"

"तू काय पाहिलंस ते सांग."

"पाहायचं काय त्यात? तिनं फाईल ठेवली, दार लावलं, किल्ली पेटीत टाकली. आम्ही आपापल्या गाड्यांत बसलो. पेटीला तिचाच हात लागलाय. मी बापडी काय बोलणार!"

"मागचं दार कुणी पाहिलं?"

"कॉर्विननं. तिनं विचारलं, 'मागचं लागलंय ना?' तो म्हणाला हो." ट्रूडीने पेन्सिलीचे टोक बोटावर टेकवून पाहिले. "बाराला बैठक आहे. साडेबाराला तू परत तुझ्या जागेवर बसशील. केस नीट करून घे जरा, फोटो काढतील."

मिनाबाईंच्या छातीत काहीतरी गोड हलले. त्यांनी ते हलू दिले, क्षणभरच.

"त्या नट्टापट्टा करणाऱ्या बयेला चांगलं पाणी पाजलं जाईल," त्या म्हणाल्या. "आज लाल कोट घालून आलीय. अशा दिवशी! आणि तिचं ते आईचं गाऱ्हाणं, परिषदेत तेच सांगून सगळ्यांना रडवणार ती. मला नाही जमायचं तसं. मोजेसुद्धा कोटाला साजेसे घातलेत बघ तिनं..."

"हो," ट्रूडी म्हणाली. तिने पेन्सिल खाली ठेवली होती. "तिचं सगळंच तुला दिसतं."

"ट्रूडी, तू निधीला का देतेस?"

"मी?" ती चकितच झाली. "तू दिलंस म्हणून. पहिल्या वर्षी तू अर्ज माझ्यापुढे सरकवलास, म्हणालीस, सही कर. मी केली. त्या नियमांचं, नगरसेवकांचं मला कधी फारसं कळलं नाही. तू भाषण करायचीस आणि मी पहिल्या रांगेत बसायची. तेवढं पुरायचं मला."

मिनाबाई उठल्या. दाराशी गेल्यावर त्यांना उगीचच आठवले की काल सूप दोनदा गरम करावे लागले होते. ट्रूडी सातला आली होती. रस्त्यावर बर्फ होता, ती म्हणाली होती. सत्तावीस वर्षांत बर्फ काही पहिल्यांदा पडला नव्हता.

त्यांनी तो विचार दाराबाहेर ढकलला, आणि दार लावून घेतले.

४

कॉर्विन बूर्स्मा हा मिनाबाईंच्या दिवंगत नवऱ्याचा भाचा. गावातल्या जुन्या डच रिवाजाने तो मामीला 'तांते' म्हणे. गावाबाहेर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतीतली नवीकोरी घरे विकणे हा त्याचा व्यवसाय. तो कॉफीच्या टेबलापाशी बदामाच्या पेस्ट्रीचा तिसरा तुकडा खाताना सापडला.

"या तांते! हातकड्या आणल्यात का?"

"तुझ्या मापाच्या मिळाल्या नाहीत. कालच्या दोन उमेदवारांत एक तुझा मेव्हणा होता म्हणे."

"होता ना. आणि सगळ्यात कमी गुण त्याला मीच दिलेत. नियम वाचून न येता नुसता दात काढत बसला. ते कागद बायकोच्या हाती पडले तर पुढच्या वेळी डिशवॉशरमध्ये फाईल नाही, मी सापडेन!"

"म्हणजे फाईल नाहीशी झालेली तुला बरीच."

कॉर्विनने पेस्ट्री बशीत ठेवली. "तांते, हे चेष्टेत म्हणताय ना?"

"मी चेष्टा करत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. निधीला का देतोस?"

"खरं सांगू? आठ वर्षांपूर्वी परिषद अंगणातल्या 'विकणे आहे'च्या पाट्यांवर बंदी आणायला निघाली होती. गावाची शोभा जाते म्हणे! पाटी नाही तर मला ओळखतं कोण? निधीनं समजूतदार दोघांना पाठिंबा दिला, ते निवडून आले, पाटी वाचली. माझं देणं म्हणजे विम्याचा हप्ता. रोझालिंडसारखं डोळ्यात पाणी आणून मला सांगता येत नाही, पण देतो."

त्याचे हे रोखठोक उत्तर मिनाबाईंना आवडले. "काल मागचं दार तू पाहिलंस?"

"मी? छे! ट्रूडी गेली होती मागे. रोझालिंडनं हाक मारून विचारलं, ट्रूडी म्हणाली 'लागलंय', म्हणून मीही ओरडलो 'लागलंय'. बूट घालत होतो मी, कोण परत आत जाणार?"

"पाच वाजता थंडी कशी होती?"

"नेहमीसारखी. नंतर कडाडली म्हणतात. मी पोरीच्या सामन्याला होतो, सकाळी गाडी सुरू होईना तेव्हा कळलं."

सहाच्या बातम्या मिनाबाईंनी ऐकल्या होत्या. पारा शून्याखाली पंधरापर्यंत उतरणार, असे तेव्हा अचानक सांगितले होते. दुपारपर्यंत कुणाला त्याची कल्पना नव्हती.

"अशा थंडीत रिकाम्या घराचं तू काय करतोस, कॉर्विन?"

"काय करतो म्हणजे?"

"घराचं. नळांचं."

"बिल्डरला फोन करतो!" तो हसला. "नवी घरं आहेत तांते, भिंतीत हातभर कापूस भरलाय. नळबिळ ही त्याची डोकेदुखी. का?"

सिंकच्या नळाची ती धार मिनाबाईंच्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती. दोऱ्याएवढी, ना कमी ना जास्त; वाहते पाणी गोठत नाही. आणि कपाटाची उघडी दारे, घरातली ऊब उत्तरेच्या भिंतीतल्या नळीपर्यंत पोहोचावी म्हणून. ज्याच्या हातून एखादे घर गोठून फुटले आहे, त्याच्याच हाताला ही सवय लागते.

गावात असे एकच माणूस होते. सकाळपासून, कपाटात वाकल्या क्षणापासून, मिनाबाईंना ते ठाऊक होते; आणि सकाळपासून त्या रोझालिंडच्या विरुद्ध काहीतरी सापडावे म्हणून तिघांना प्रश्न विचारत फिरत होत्या.

५

कार्यालयाच्या मागच्या खोलीत अंगणातल्या पाट्या रचून ठेवलेल्या असत. ट्रूडी तिथे एकटीच उभी होती.

"स्टीनस्त्राबाईंचं घर आठवतं, ट्रूडी?" मिनाबाईंनी दार लावत विचारले.

ट्रूडीचा चेहरा पांढरा पडला. बारा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ते रिकामे घर तिच्या हवाली होते. नळी फुटली, तळमजला गुडघाभर बर्फाने भरला, आणि त्या म्हातारीने आयुष्यभर जपलेला पियानो त्यात गोठला. ट्रूडी दोन दिवस गाडीत बसून रडली होती. त्यानंतर थंडीच्या दिवसांत एकही रिकामे घर तिने नळ सोडल्याशिवाय सोडले नव्हते.

"काल सहाच्या बातम्या तू गाडीत ऐकल्यास," मिनाबाई म्हणाल्या. "फाईल घेऊन निघाली होतीस, तरी नळ सोडायला थांबलीस. चोरी करायला गेलीस आणि घर सांभाळून आलीस, वेडे!"

ट्रूडीने रचलेल्या पाट्यांमागे हात घातला, निळी फाईल काढली आणि मिनाबाईंच्या हातात दिली.

"वाचली नाही मी. एकही कागद नाही. शपथ घेते."

"घेऊ नकोस. मला माहीत आहे." फाईल मिनाबाईंच्या हातात जड लागत होती. "माझ्यासाठी केलंस हे? मला ती खुर्ची परत मिळावी म्हणून?"

"तुझ्यासाठी?" ट्रूडी हसली, आणि ते हसू मिनाबाईंनी तिच्या तोंडावर कधी पाहिले नव्हते. "वर्ष झालं मिना, बुधवारी मी तुझ्यासमोर बसते आणि तू रोझालिंडबद्दल बोलतेस. तिचा कोट, तिचे केस, तिचे बाक. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही तू माझ्या खाटेशी बसून तिनं केलेल्या भाषणातल्या चुका सांगत होतीस. सकाळी उठलीस की तुला आधी ती आठवते. मी कधी आठवते? मला वाटलं, तिला तिथून उतरवलं तर निदान ती तुझ्या डोक्यातून उतरेल."

बाहेर कुणीतरी टेबले सरकवत होते. बारा वाजायला दहा मिनिटे होती.

"आता एवढंच कर," ट्रूडी हळूच म्हणाली. "काहीच बोलू नकोस. म्हण, उलगडा झाला नाही. फाईल मी संध्याकाळी कुठेतरी सापडल्याचं सांगेन, कुणाचं नुकसान नाही. ती जाईल, तू येशील. मी पहिल्या रांगेत बसेन."

आणि मिनाबाईंना, देवाशपथ, ते हवे होते.

६

बारा वाजता अकरा संचालक टेबलाभोवती बसले. रोझालिंड टेबलाच्या टोकाला, समितीच्या अध्यक्षांच्या खुर्चीत होती. लाल कोट तिने काढून मांडीवर घेतला होता. मिनाबाई आत शिरल्या तेव्हा कुणी उठले नाही. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या हातातल्या निळ्या फाईलवर खिळल्या होत्या.

"फाईल मिळाली. आतले कागद मोजून घ्या," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "कुणी वाचलेले नाहीत. आता नीट ऐका, मी दोनदा सांगणार नाही.

"पेटीच्या नोंदीत रोझालिंडचंच नाव आहे, म्हणून चोर रोझालिंड, असं तुम्ही ठरवलंत. पण सकाळी दाराचं वरचं कुलूप उघडं होतं. खालचं कुलूप, दार ओढलं की आपोआप लागतं; वरचं आतून नुसतं फिरवून उघडतं, पण बाहेरून किल्लीशिवाय लागत नाही. किल्लीवाला माणूस दोन्ही लावून जातो. म्हणजे काल संध्याकाळी समोरच्या दारानं जे बाहेर पडलं, त्याच्याकडे किल्ली नव्हती."

"मग आत आलंच कसं?" अ‍ॅबटने विचारले.

"मागच्या दारानं. पाचला निघताना त्याची कडी कुणीतरी काढून ठेवली आणि लागली आहे म्हणून सांगितलं. त्याच दारानं परत आत शिरून आतून कडी घातली, म्हणजे सकाळी त्या दाराकडे कुणी बोट दाखवू नये. तुम्ही म्हणाल, रोझालिंडनं पाचलाच फाईल लांबवली आणि वरचं कुलूप लावायला विसरली. तसंही नाही. निघताना ओटा कोरडा होता, सकाळी नळाला धार होती. ती कडाक्याची थंडी सहापूर्वी कुणाला ठाऊक नव्हती. म्हणजे सहानंतर कुणीतरी आत होतं. आणि त्या वेळी किल्ली पेटीत बंद होती."

"मग उरलो मी," कॉर्विन म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

"तू उरला असतास. पण तुला थंडीत नळ सोडायचं ठाऊकच नाही. आणि मागच्या दाराकडे तू गेला नव्हतास. तू बूट घालत होतास." मिनाबाईंनी टेबलाची कड धरली. "ज्यानं नेली त्याला निधीचं वाईट करायचं नव्हतं. त्याला रोझालिंडचा मत्सरही नव्हता, ते खातं माझ्याकडे आहे आणि ते साऱ्या गावाला माहीत आहे. कारण काय होतं ते मला सांगितलं गेलं. ते मी इथे सांगणार नाही. नाव मात्र मी घेणार. ट्रूडी व्हेल्डकॅम्प."

भिंतीजवळच्या खुर्चीवरून ट्रूडी उठली. तिने सचिवाची वही टेबलावर ठेवली, पर्स काखेत घेतली आणि जाता जाता मिनाबाईंपाशी थांबली.

"वर्षभरात पहिल्यांदा," ती इतक्या हळू म्हणाली की फक्त मिनाबाईंनाच ऐकू गेले, "चार माणसांत तू माझं नाव घेतलंस."

ती गेली. मिनाबाईंनी वळून पाहिले नाही.

अ‍ॅबटने रोझालिंडविरुद्धचा ठराव कुणाला न विचारता कागदांच्या तळाशी सरकवला. तिच्या अध्यक्षपदाचा प्रश्नच उरला नाही. संचालक एकेक करून पेस्ट्रीच्या टेबलाकडे गेले. कॉर्विन मिनाबाईंसमोर क्षणभर उभा राहिला, त्यांच्या दंडाला हात लावला आणि तो बाहेर गेला.

रोझालिंड एकटीच उरली.

"तुम्ही गप्प बसला असता," ती म्हणाली, "तर आत्ता या जागेवर तुम्ही असता."

"मला ठाऊक आहे."

"शिवाय ती तुमची मैत्रीण. माझ्यासाठी तुम्ही..."

"तुझ्यासाठी मी काही केलं नाही. गैरसमज नको." मिनाबाई ताठ उभ्या होत्या. "मला तुझा हेवा वाटतो, रोझालिंड. आजही वाटतो, उद्याही वाटेल. तुझ्या त्या कोटाचासुद्धा. पण हेवा करायचा तरी समोरचं माणूस उभं असावं लागतं. चिखलात पडलेल्याचा हेवा कसला करायचा? त्याची कीव येते. तुझी कीव करायची पाळी मला स्वतःवर आणायची नव्हती."

रोझालिंड अध्यक्षांच्या खुर्चीतून उठली, टेबलाला वळसा घालून आली, आणि तिने शेजारची खुर्ची बाहेर ओढली.

"तिसरा उमेदवार सकाळपासून ताटकळलाय. सचिवाची जागा रिकामी आहे. तुम्ही बसाल? प्रश्न विचाराल त्याला?"

मिनाबाई टेबलाच्या त्या बाजूला बावीस वर्षांत कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिले, मग दाराकडे, जिथून ट्रूडी गेली होती. आणि त्या सावकाश, पाठ न वाकवता, खाली बसल्या.

"विचारीन," त्या म्हणाल्या. "तुझे विचारून झाल्यावर."